बातमी लिहिणाराच खुनी? : जिम थॉम्पसनची 'द नथिंग मॅन'

सुनीलला आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलेलं आहे. फक्त घरी सांगितलेलं नाही. सुरेंद्र मोहन पाठक यांचा सुनील कुमार चक्रवर्ती, राजनगरच्या 'ब्लास्ट' या दैनिकाचा वार्ताहर. मोटारसायकलवरून हिंडणारा, यूथ क्लबच्या रमाकांतशी गप्पा छाटणारा, इन्स्पेक्टर प्रभुदयालच्या डोक्याला ताप देणारा, आणि शेवटच्या वीस पानांत खरा खुनी हाताला धरून समोर उभा करणारा. १९६३ सालापासून हा गडी शंभराहून जास्त कादंबऱ्यांत खून उलगडत आला आहे. इंदूर स्टेशनवर विकत घ्यायची, मीटरगेजच्या गाडीत महू गेलं, पाताळपाणी गेलं, कालाकुंडचा घाट उतरला आणि खांडवा यायच्या आत संपवायची, असा त्या पुस्तकांचा हिशोब होता. मराठी घरात वाढलो तरी रहस्यकथा आपण इंदूरकरांनी निम्म्या हिंदीतच वाचल्या, हे मान्य करायला हरकत नाही.

सुनीलच्या जगात एक गोष्ट पक्की असते. पोलीस चुकतील, वकील विकला जाईल, शेठजी खोटं बोलतील. पण वर्तमानपत्रवाला खऱ्याच्या बाजूला असेल. वार्ताहर म्हणजे लेखणी घेतलेला गुप्तहेरच. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूपासून अशा कथांची आपल्याला सवय आहे. तिथे गुन्हा होतो, गोंधळ उडतो, आणि शेवटी घडी पुन्हा नीट बसते.

ज्या पुस्तकाबद्दल आज लिहायचं आहे, त्यात ही घडी बसत नाही. त्यात वार्ताहरच खून करतो, निदान आपण केले असं त्याला वाटतं, आणि त्याच खुनांच्या बातम्या तोच लिहितो. जिम थॉम्पसन या अमेरिकी लेखकाची ही कादंबरी, 'द नथिंग मॅन', १९५४ साली डेल या प्रकाशनाने स्वस्त कागदी बांधणीत काढली. पंचवीस सेंटचं पुस्तक. हिंदीत ज्याला लुगदी साहित्य म्हणतात, अगदी त्याच जातीचं. औषधांच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवरून घ्यायचं, वाचायचं आणि बसच्या बाकावर सोडून द्यायचं.

पुढे कथानक सांगावं लागणार आहे, शेवटासह. शेवट कळल्याने ज्यांचा रस जातो त्यांनी पुस्तक वाचून मग परत यावं. माझं मत असं, की या पुस्तकाचं रहस्य शेवटात नाही, त्यामुळे फार नुकसान होणार नाही.

गाव आहे पॅसिफिक सिटी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं, नकाशावर नसलेलं. वर्तमानपत्र आहे 'कुरिअर'. तिथे क्लिंटन ब्राऊन नावाचा माणूस काम करतो. सगळे त्याला ब्राउनी म्हणतात. त्याचं काम काय होतं हे आधी समजून घ्यायला हवं, कारण पुस्तकाची सगळी मेख तिथे आहे. त्या काळच्या अमेरिकी दैनिकात बाहेर फिरणारा वार्ताहर आणि प्रत्यक्ष बातमी लिहिणारा पुष्कळदा वेगवेगळे असत. फिरणारा माणूस पोलीस ठाण्यातून, इस्पितळातून, कोर्टाच्या आवारातून फोन करायचा आणि नावं, वयं, पत्ते, वेळा भराभर सांगायचा. कार्यालयात टाइपरायटरसमोर बसलेला माणूस रिसीव्हर खांद्यात धरून, ऐकता ऐकता, त्यातून छापायची बातमी तयार करायचा. त्याने घटना पाहिलेली नसे. मेलेल्याचं घर त्याला ठाऊक नसे. पण दुसऱ्या दिवशी गाव ज्या शब्दांत त्या घटनेबद्दल बोलायचं, ते शब्द त्याचे असत. ब्राऊन या कामात सगळ्यांत वाकबगार. दारूच्या धुंदीतही त्याची बातमी नीटनेटकी उतरते, आणि यातली नीटनेटकेपणाची गोष्टच पुढे अंगावर येते.

ब्राऊन दुसऱ्या महायुद्धातून परत आलेला आहे. भूसुरुंगाने त्याला अशी जखम केली आहे, की संसार, मूलबाळ हे त्याच्यासाठी कायमचं संपलं. ज्याच्या हुकुमावरून तो त्या जमिनीवर गेला, तो त्याचा लष्करातला वरिष्ठ, डेव्ह रँडल, आता 'कुरिअर'चा संपादक आहे. म्हणजे रोज सकाळी हे दोघे समोरासमोर. रँडलच्या मनात अपराधाची भावना आहे, आणि ब्राऊनला ती पुरती माहीत आहे. उशिरा येणं, पिऊन येणं, उर्मटपणे बोलणं, सगळं चालवून घेतलं जातं. उपकाराच्या ओझ्याखाली माणूस वाकतो हे आपण नेहमी म्हणतो; अपराधाच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला रोज थोडं थोडं कसं वाकवता येतं, ते थॉम्पसन दाखवतो. कादंबरीतला हा भाग मला खुनांपेक्षाही जास्त भयंकर वाटतो. इथे रक्त नाही, आवाज नाही. एक माणूस दुसऱ्याकडे पाहून नुसता हसतो.

आपल्या जखमेचं गुपित कुणाला कळू नये म्हणून ब्राऊनने लग्नही मोडलेलं आहे. बायको एलन गावात परत येते तेव्हा ते गुपित फुटायची वेळ येते. पावसापाण्याच्या रात्री, बाटली रिचवून, तो तिच्यापर्यंत पोहोचतो. नंतर ती मेलेली सापडते. मग दुसरी स्त्री मरते, मग तिसरी. दुसरी डेबरा चेसन, श्रीमंत विधवा, त्याच्यावर मनापासून जीव लावणारी. मायेचा हात पुढे आला की ब्राऊनला तो हात म्हणजे धोका वाटतो. कारण ज्याच्यावर कुणी प्रेम करत नाही, त्याला काही सांगावं लागत नाही.

आणि दिवसा तो कार्यालयात बसून याच मृत्यूंच्या बातम्यांवर काम करतो. वर्तमानपत्रं खुन्याला चटकदार टोपणनाव देतात. तपासावर आहे लेम स्टकी, लाच खाणारा, नजर राजकारणाकडे लागलेला पोलीस अधिकारी. स्टकीला वर्तमानपत्र हवं आहे, कारण त्याशिवाय त्याला मोठं होता येणार नाही. ब्राऊनला हे ठाऊक आहे. कुणाला मोठं करायचं, कुणाला हास्यास्पद ठरवायचं, कुठल्या संशयाला चार ओळी द्यायच्या आणि कुठल्या नाही, हे सगळं एका टेबलावरून ठरतं, आणि त्या टेबलावर तो बसलेला आहे.

मोठ्या शहरातल्या कादंबरीत हे जमलं नसतं. न्यूयॉर्कला दहा वर्तमानपत्रं होती. एकाने दडपलं तर दुसऱ्याने छापलं असतं. लहान गावात एकच पत्र असतं, त्याला जाहिरात देणारे तेच दहा दुकानदार असतात, आणि संपादक, फौजदार, नगरपालिकेचा अध्यक्ष एकाच हॉटेलात एकाच टेबलावर जेवतात. यात कट वगैरे काही नसतो. सगळे एकमेकांना ओळखतात, इतकंच. आपल्यापैकी जे देवास, धार, उज्जैन, बऱ्हाणपूर अशा ठिकाणी वाढले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कुणाच्या मुलाची बातमी 'एक युवक' म्हणून येते आणि कुणाच्या मुलाची संपूर्ण नावानिशी, मोहल्ल्यासकट येते, हे तिथे शाळकरी पोरालाही कळतं.

थॉम्पसनला हे सगळं ऐकीव नव्हतं. त्याचा जन्म २७ सप्टेंबर १९०६ चा, ओक्लाहोमातल्या अनादार्को गावचा. वडील तिथे शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचे निवडून आलेले पोलीसप्रमुख. कुटुंब तुरुंगाच्या इमारतीतच वरच्या मजल्यावर राहत होतं असं सांगतात. पुढे वडिलांवर हिशोबातल्या घोटाळ्याचा आरोप आला आणि त्यांना गाव सोडून पळावं लागलं. मग टेक्सासातल्या तेलाच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला आणि घालवला. म्हणजे पोराने लहान वयातच दोन्ही पाहिलं: गाव ज्याला सलाम करतं तो बाप, आणि त्याच गावाने ज्याचं नाव टाकलं तो बाप. जिमने स्वतः फोर्ट वर्थच्या एका मोठ्या हॉटेलात रात्रपाळीला सामान उचलणाऱ्या पोराची नोकरी केली. दारूबंदीचे दिवस होते. पाहुण्यांना बाटली आणून देणं हा पगारापेक्षा मोठा धंदा होता. विशीच्या आतच त्याची प्रकृती कोसळली, आणि दारूने तेव्हा धरलेला हात शेवटपर्यंत सोडला नाही.

पुढे तो तेलविहिरींवर राबला, गुन्ह्यांच्या सत्यकथा छापणाऱ्या मासिकांसाठी लिहू लागला, मंदीच्या काळात सरकारने लेखकांसाठी काढलेल्या योजनेत ओक्लाहोमा राज्याचा प्रमुख झाला, आणि युद्धकाळात सॅन डिएगोच्या विमान कारखान्यात होता. त्याच सॅन डिएगोत चाळिशीच्या दशकाच्या शेवटी त्याने एका दैनिकात वार्ताहराची नोकरी केली. पॅसिफिक सिटी म्हणजे थोडं नाव बदललेलं सॅन डिएगो आहे, हे वाचणाऱ्याला ओळखता येतं.

१९५२ ते १९५४ या काळात थॉम्पसनने जवळजवळ डझनभर कादंबऱ्या लिहिल्या. हा आकडा पुन्हा वाचावा. त्यातल्या बऱ्याच लायन बुक्स या प्रकाशनासाठी, अर्नल्ड हॅनो या संपादकाच्या हाताखाली. 'द किलर इनसाइड मी' ही त्याची सगळ्यांत गाजलेली कादंबरी १९५२ ची. तिथे लहान गावातला गोड बोलणारा पोलीसच खुनी आहे आणि तोच आपल्याला गोष्ट सांगतो. 'द नथिंग मॅन' हे त्याच खेळाचं दुसरं रूप. फरक एवढाच, की पोलिसाच्या हातात पिस्तूल असतं आणि ब्राऊनच्या हातात टाइपरायटर.

या घाईच्या खुणा पुस्तकावर आहेत. मधली काही प्रकरणं रेंगाळतात. ब्राऊनचे विनोद कधी कधी फक्त त्यालाच हसवतात. स्त्रियांची पात्रं उभी करताना लेखकाचा हात आखडलेला आहे. एलन आणि डेबरा ब्राऊनला दिसतात तेवढ्याच आपल्याला दिसतात. हा दोष कथा सांगणाऱ्याचा की लिहिणाऱ्याचा, यावर वाद घालता येईल. माझ्या मते दोघांचा. पात्र आंधळं आहे असं म्हटल्याने लेखकाला सगळंच माफ होत नाही.

आता शेवट. स्टकी हा गचाळ माणूस, ज्याला ब्राऊन पहिल्यापासून मूर्ख समजत आला, तो शेवटी त्याच्यासमोर सगळा हिशोब मांडतो. ब्राऊन मनातल्या मनात स्वतःला खुनी म्हणून मिरवत असतो. पण ज्या मरणांचं श्रेय तो घेत आला, त्यांतलं एकही त्याच्या पदरात नीट पडत नाही. त्याने हात उचलला, हे खरं. पण जीव त्याच हाताने गेला का? दुसऱ्यांची हकिगत ऐकून अचूक बातमी करणारा हा माणूस स्वतःची हकिगत मात्र चुकीची लिहीत बसला होता. शीर्षकातला 'नथिंग' इथे कळतो. नवरा म्हणून तो काही उरला नव्हता, कवी म्हणून काही झाला नव्हता, आणि आता खुनी म्हणूनही काही नाही. फासावर जाण्याची सोयसुद्धा त्याला मिळत नाही. उद्या सकाळी पुन्हा त्याच टेबलावर, त्याच रँडलसमोर.

'काळी कादंबरी' म्हणतात ती ही. मराठीत याला रूढ शब्द नाही. फ्रेंच लोकांनी 'नुआर', म्हणजे काळा, हा शब्द दिला आणि तोच जगभर चालतो. रहस्यकथेत प्रश्न असतो 'कुणी केलं'. काळ्या कादंबरीत ते बहुधा पहिल्यापासून माहीत असतं. प्रश्न असतो 'हा माणूस आता किती खाली जाईल'. सुनीलची कादंबरी संपली की आपण स्टेशनवर उतरून घरी जातो. ही संपली की थोडा वेळ फलाटावरच बसावंसं वाटतं.

गंमत अशी, की थॉम्पसनला मोठं मानलं ते आधी फ्रेंचांनी. पॅरिसच्या 'सेरी नुआर' या प्रसिद्ध मालिकेने आपल्या हजाराव्या पुस्तकाचा मान त्याच्या 'पॉप. १२८०' या १९६४ च्या कादंबरीला दिला. तिच्यावरून बेरत्राँ ताव्हर्निए या दिग्दर्शकाने १९८१ साली चित्रपट केला, गाव अमेरिकेतून उचलून फ्रेंच आफ्रिकेत नेलं, आणि तरी गोष्ट तीच राहिली. अमेरिकेत मात्र ७ एप्रिल १९७७ रोजी थॉम्पसन गेला तेव्हा त्याचं एकही पुस्तक बाजारात मिळत नव्हतं. स्टॅनली क्युब्रिकबरोबर त्याने 'द किलिंग' आणि 'पाथ्स ऑफ ग्लोरी' या दोन चित्रपटांवर काम केलं होतं, तरीही. माझे कागद सांभाळून ठेव, दहा वर्षांत मला नाव मिळेल, असं तो बायकोला सांगून गेला म्हणतात. फारसा चुकला नाही. ऐंशीच्या दशकात ब्लॅक लिझर्ड या प्रकाशनाने पुस्तकं पुन्हा काढली, आणि १९९० साली 'द ग्रिफ्टर्स' हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनांपर्यंत पोहोचला.

'द नथिंग मॅन'च्या शेजारी ठेवून वाचावं असं थॉम्पसनचं आणखी एक पुस्तक आहे, 'द क्रिमिनल', १९५३ चं. ते फार कमी जणांना ठाऊक असतं. पंधरा वर्षांचा एक मुलगा, बॉब टॅलबर्ट. शेजारची मुलगी मारली गेली. मुलगा त्या दिवशी शाळा बुडवून भटकत होता, एवढं नक्की. सुरुवातीला पोलीस आणि वकीलही फार मनावर घेत नाहीत. मग मोठ्या वर्तमानपत्राच्या मालकाचा फोन येतो, की प्रकरण तापवा. खप वाढवायचा आहे, बाकी काही नाही. संपादकाला ते पटत नाही, पण त्याच्या घरी आजारपण आहे आणि नोकरी जाऊन चालणार नाही. वार्ताहराला पटत नाही, पण संपादकाने सांगितलं आहे. सरकारी वकिलाला पटत नाही, पण पेपरात आलं म्हटल्यावर काहीतरी करायला हवं. प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाच्या तोंडून आहे, आणि प्रत्येकाकडे पटण्यासारखं कारण आहे. मुलाने खरंच काय केलं ते थॉम्पसन शेवटपर्यंत सांगत नाही. पुस्तक मिटताना आपल्या लक्षात येतं, की शीर्षकातला गुन्हेगार कोण हा प्रश्न त्या मुलाबद्दल नव्हताच.

हे पुस्तक मी मंडळातल्या मंडळींना मुद्दाम सुचवतो आहे, आणि त्याला कारण आहे. आता फोन करणारा, लिहिणारा आणि छापणारा असे तिघे लागत नाहीत. शहरात काही घडलं, की संशयिताचा फोटो, बापाचं नाव, गल्ली, शाळेचं नाव, सगळं अर्ध्या तासात आपल्या कौटुंबिक ग्रुपवर असतं. पुढे पाठवणारा आपलाच काका किंवा मावशी असते, हेतू वाईट नसतो, 'सावध राहा' एवढंच म्हणायचं असतं. पण संशयित अल्पवयीन असेल तर? २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो प्रसिद्ध करायला मनाई आहे. मूल पीडित असो, साक्षीदार असो की आरोपी. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडे पीडितेचं नाव सांगू नये हे आता बहुतेकांना माहीत झालं आहे. आरोपी मुलाचंही सांगू नये, हे सांगितलं की लोक वाद घालायला उठतात. 'द क्रिमिनल' वाचून मग वाद घालावा. १९५३ च्या त्या अमेरिकी गावात बॉबचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि तो निर्दोष ठरला तरी ते नाव त्याच्याकडे परत येणार नाही.

आपल्या मराठीत असा वार्ताहर आहे का? गुन्हेकथेत नाही. पण गंभीर कादंबरीत आहे, आणि तो थॉम्पसनच्या माणसांचा चुलतभाऊ शोभावा असा आहे: अरुण साधूंचा दिगू टिपणीस. 'मुंबई दिनांक' १९७२ ची, 'सिंहासन' १९७७ ची, आणि दोन्हींवरून विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर जब्बार पटेलांनी १९७९ साली 'सिंहासन' चित्रपट केला, ज्यात दिगू झाले निळू फुले. दिगूला सगळं कळतं. कोणता मंत्री कुणाला विकला गेला, कोणता संप कुणी घडवला, सगळं. आणि त्याला काहीही करता येत नाही. चित्रपटाच्या शेवटी तो ज्या प्रकारे हसत सुटतो ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ब्राऊनचं हसू ओळखीचं वाटेल. फरक आहे तो दारूचा नाही, दिशेचा आहे. दिगूला जगाची घाण दिसते आणि तो वेडा व्हायच्या बेताला येतो. ब्राऊन आपली घाण जगावर ओततो आणि स्वतःला शहाणा समजतो.

दुसरा आहे तेंडुलकरांच्याच 'कमला' नाटकातला जयसिंग जाधव. दिल्लीच्या एका इंग्रजी दैनिकाच्या वार्ताहराने माणसांची खरेदी-विक्री चालते हे सिद्ध करण्यासाठी खरोखर एक स्त्री विकत घेतली होती. त्या गाजलेल्या घटनेवरून १९८१ साली हे नाटक आलं. जयसिंग वाईट माणूस नाही. समाजाला हलवून सोडणारी बातमी त्याला हवी आहे. पण विकत आणलेली बाई घरात आहे, तिचं पुढे काय, याचा विचार त्याने केलेला नाही. ती त्याच्यासाठी पुरावा आहे. आणि तिला पाहून त्याची स्वतःची बायको, सरिता, आपण या घरात कोण आहोत याचा विचार करू लागते. थॉम्पसनला ज्या जागी स्त्रीच्या मनात शिरता आलं नाही, त्या जागी तेंडुलकर शिरले. म्हणून दोन्ही लागोपाठ वाचावीत असं सुचवेन, आधी 'द नथिंग मॅन', मग 'कमला'.

वाचायच्या दृष्टीने काही व्यावहारिक गोष्टी. थॉम्पसनची इंग्रजी सोपी आहे, वाक्यं छोटी, बोलण्यातली. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना जड जाणार नाही. पण शाळेतल्या मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये. हिंसा आहे, स्त्रियांबद्दलची भाषा कडवट आहे, आणि दारू जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. ज्यांच्या घरात व्यसनाचं दुःख झालेलं आहे त्यांनी ते जरा बेतानेच हाती घ्यावं. पिणाऱ्या माणसाच्या डोक्यात सबबी कशा तयार होतात, याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही, आणि ते सोसवेलच असं नाही. थॉम्पसन पहिल्यांदाच वाचणार असाल तर 'पॉप. १२८०'पासून सुरुवात करा. काळं तेवढंच आहे, पण त्यात हसू येतं.

अर्नेस्ट हेमिंग्वे वाचलेल्यांसाठी एक जादा दुवा. 'द सन ऑल्सो रायझेस' या १९२६ च्या कादंबरीचा नायक जेक बार्न्स हाही वार्ताहर, हाही युद्धातून आलेला, आणि त्याचीही जखम हीच. हेमिंग्वेने तिचं एक उदास, देखणं दुःख केलं, आणि जगाने ते डोक्यावर घेतलं. थॉम्पसनने तीच जखम उचलून पंचवीस सेंटच्या पुस्तकात, लहान गावातल्या एका कार्यालयात आणून ठेवली, जिथे दुःख देखणं राहू शकत नाही, कारण संध्याकाळपर्यंत अंक छापायला जायचा असतो.